केळीच्या पानांखालचं पाणी

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, एका जिनिंग-प्रेसमध्ये बॉयलरवर फायरमन होते. धुळ्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या शिवारातच ती जिन. मी मराठी शाळेत असताना एका हंगामात बॉयलरच्या नळ्या एकामागून एक गळायला लागल्या. मालक पट्टीवर पट्टी मारत राहिला आणि शेवटी त्यानं जिनच बंद केली. जाताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आबानं भट्टी जास्त पेटवली. नळ्या जाळून टाकल्या."

जिनवरची सगळी माणसं घरी बसली, त्यांतली निम्मी आमच्याच आळीतली. कोणी भांडायला आलं नाही. पण गावात लग्न असलं आणि आबा स्वयंपाकाच्या चुलखंडाकडे गेले की एखादा हमखास म्हणायचा, "आबाले चुल्हाजोडे बसाडू नका रे, हंडा फुटी जाई." लोक हसायचे. आबाही हसायचे आणि उठून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे.

पुढे ते विहिरी खोदायला जात. माय दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाई. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा यांवर आम्ही भावंडं वाढलो, आणि ठेच्यावर तेल पडलं की आमचा सण असायचा. त्यातून मी धुळ्याच्या कॉलेजात गेलो आणि रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मला त्याचा अभिमान आहे.

नोकरी पुण्याला लागली. कारखान्यांतल्या पाण्याला औषधं पुरवणारी छोटी कंपनी होती. पाण्यानं लोखंड गंजू नये, पाइपात बुळबुळीत थर धरू नये, हे आमचं काम. माय गावात सांगायची, "मन्हा पोऱ्या पानीना डाक्टर शे." या डॉक्टरला पहिल्यांदा एकट्यानं खानदेशात पाठवलं तेव्हा ऐन चैत्र चालू होता. साहेब म्हणाले, "तुमचाच मुलूख आहे, बघून या." पुण्यातले लोक चैत्रात खानदेशात जायची वेळ आली की असंच दुसऱ्याला पाठवतात.

पाचोरा

पाचोऱ्याला उतरलो ते डब्यातल्या सगळ्यांच्या शिव्या खाऊन. माझ्याजवळ ब्लीचिंग पावडरची पिशवी होती. मनमाडच्या पुढे कोणीतरी तिच्यावर पाय ठेवला आणि ती उसवली. वास असा सुटला की समोरच्या बाईनं पदर नाकाला लावला तो पाचोरा येईपर्यंत काढला नाही. तिचा नवरा म्हणाला, "भाऊ, तुम्ही नगरपालिकेचे का?"

"नाही. पाण्याचं औषध आहे हे."

"अशा वासाचं औषध पाण्याला? मग पाणी मरतं का बरं होतं?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण डब्यात हसणं इतकं झालं की ते मनातच राहिलं.

पाचोऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यातलं काम किरकोळ होतं, दुपारपर्यंत आटोपलं. मालकानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेवभाजी अशी लाल की ताटाकडे बघूनच घाम यावा, आणि ती खाल्ल्यावर बाहेरचं ऊन बरं वाटावं. पुण्यात मी घराच्या दारात उभा राहून "चहा घेणार का?" हा प्रश्न ऐकला आहे. आमच्याकडे असं विचारायची पद्धत नाही. ताट वाढूनच समोर येतं, मग तुम्ही भांडत बसा.

नशिराबादच्या पुढे

खरं काम होतं ते जळगावहून भुसावळला जाताना, नशिराबाद ओलांडल्यावर रस्त्याच्या आत असलेल्या एका तेलाच्या प्लांटवर. सरकीचं तेल घाण्यात काढून झालं की ढेपेत, म्हणजे पेंडीत, थोडं तेल उरतं. ते एका द्रावकात विरघळवून बाहेर काढायचं, मग तापवून द्रावकाची वाफ करायची, आणि ती वाफ थंड करून पुन्हा वापरायची. वाफ थंड करणारं यंत्र म्हणजे कंडेन्सर. लोखंडाचा मोठा ढोल, त्याच्या पोटात नळ्यांचा जुडगा आणि नळ्यांतून वाहणारं पाणी. ते पाणी तापून बाहेर येतं, लाकडी टॉवरवरून खाली पडता पडता थंड होतं, हौदात जमतं आणि पुन्हा आत जातं. तेच पाणी दिवसभर फिरत राहतं.

कंडेन्सरच्या नळ्या वर्षात दोनदा गळल्या होत्या. शेठजींनी मला ऑफिसात पंख्याखाली बसवलं, मठ्ठा दिला आणि सरळ सांगितलं.

"अहमदाबादची पार्टी येऊन प्लांट बघून गेली. त्यांना घ्यायचाय. मी अजून हो म्हटलं नाही. पण या हंगामात पुन्हा गळला तर मी बोल्ट खोलून सगळं ट्रकवर चढवणार. मला घाणा पुरे."

"आणि माणसं?"

"घाण्यावर किती माणसं लागतात? नाना आणि दोघं-चौघं. बाकीच्यांना मी काय देणार?"

मी मठ्ठा खाली ठेवला. पंखा चालू होता, तरी मला आमच्या जिनचं आवार दिसायला लागलं.

नाना म्हणजे तिथले सगळ्यांत जुने फिटर. साठीला टेकलेला, उंच, डोक्याला पंचा गुंडाळलेला माणूस. घर जवळच्याच गावात, घरी केळीची बाग. पाण्याची बाजू सगळी त्यांच्या हातात. ते मला हौदाकडे घेऊन गेले आणि मी थबकलोच. हौदावर मांडव होता. बांबूंचा सांगाडा आणि त्यावर हिरव्यागार केळीच्या पानांचे थर. टॉवरचं पाणी जिथं हौदात पडतं तिथं ते बाहेर उडू नये म्हणून केळीचे सोललेले खांब आडवे टाकलेले. लग्नघरी सुद्धा इतका देखणा मांडव मी पाहिला नव्हता. आत गारवा. आणि त्या गारव्यात सडक्या अंड्यांचा वास.

"नाना, हे काय केलंत?"

"तुमच्याच कंपनीचा मानूस येल होता मांगच्या साली. हौदात शेवाय झालं होतं. तो म्हने, ऊन पडू देऊ नका. ताडपत्री टाकली तं वाऱ्यानं उडे. मंग म्या म्हनलं, घरची केयी काय कामाची? दर आठवड्याले ताजी पानं टाकतो." नानांनी हौदाकडे बोट केलं. "पाहा भो, शेवायाचा कन तरी दिसते का?"

खरंच दिसत नव्हता. शेवाळाला ऊन लागतं, ते गेलं होतं. पण पाण्यावर पानांचे तुकडे होते, खांबांचा चीक होता आणि हौदाच्या भिंतीला हात लावला तर शेंबडासारखा थर हाताला आला. शेवाळापेक्षा वाईट गोष्ट तिथं मुक्कामाला आली होती, आणि तिला ऊन लागत नाही.

जुन्या काढून टाकलेल्या नळ्यांतली एक मी करवतीनं उभी चिरून घेतली. आत बुळबुळीत थर होता. तो बोटानं पुसला तर खाली काळं, आणि काळं पुसलं तर खाली लखलखीत लोखंडाला खड्डे. बाहेरून नळी धडधाकट.

मी नानांना समजावलं. कुजलेलं पान हे सूक्ष्म जंतूंचं खाणं आहे. ते खाऊन जंतू नळीत थर धरतात. थराखाली हवा पोचत नाही, तिथं दुसऱ्या जातीचे जंतू राहतात. हा वास त्यांचा. तेच थराखाली बसून लोखंड पोखरतात.

नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "याच पानावर आपन देवाले निवद दाखोतो. त्या पानानं पानी नासंन?"

आजूबाजूला प्लांटवरची माणसं जमली होती. कोणी मान हलवली नाही, पण सगळे नानांच्या बाजूचे होते हे कळत होतं. तो मांडव त्यांनी सगळ्यांनी मिळून बांधलेला होता. आणि शेठजीही माझ्या नुसत्या बोलण्यावर प्लांट थांबवून हौद उपसायला तयार नव्हते. "गेल्या वेळच्या साहेबानं सांगितलं म्हणून मांडव घातला, आता तुम्ही सांगता म्हणून काढायचा?" त्यांचं चुकत नव्हतं.

तेव्हा मी म्हटलं, "नाना, बाटलीत करून पाहू."

कँटीनमधून सरबताच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. सगळ्यांत विहिरीचं पाणी काठोकाठ भरलं, हौदाच्या तळाचा चिमूटभर गाळ टाकला आणि एक एक कोरा खिळा सोडला. निम्म्या बाटल्यांत केळीच्या पानाचे तुकडे टाकले, निम्म्यांत नाही. मी बुचावर मेणबत्ती वितळवायला लागलो तसे नाना म्हणाले, "थांबा. दोन तुमच्यापाशी, दोन माह्यापाशी. नाहीतं तुमी घरी नेसान अन् मधात काहीतरी टाकसान."

"आणि तुम्ही टाकलंत तर?"

"म्हनून तं दोन तुमच्यापाशी."

माणसं हसली. नानांनी मेणावर आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवला, माझ्याही बाटल्यांवर. अशा रीतीनं मी त्यांच्या ठशाखाली निघालो.

दीपनगर

पण धुळ्याकडे जाण्याआधी, मधल्या दिवशी, व्हॉल्व्हसाठी भुसावळला जायचं होतं. शेठजींच्या जीपमधून नाना आणि मी गेलो. काम झाल्यावर नानाच म्हणाले, दीपनगर जवळ आलंच आहे, पाहून जाऊ. वीज केंद्राच्या वसाहतीबाहेर रस्त्याच्या कडेला जीप उभी केली आणि दुरून ते टॉवर पाहिले. कमरेत बारीक झालेले, डोंगराएवढे, तोंडातून पांढरी वाफ सोडणारे. आपल्या लाकडी टॉवरचं काम तेच, पण हे पाहिल्यावर आपलं ते तुळशीवृंदावन वाटावं.

नाना बराच वेळ पाहत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "त्याइच्या हौदावर कोनती पानं टाकत असतीन?"

"त्यांच्याकडे केळी नाहीत, नाना."

आल्यापासून नाना पहिल्यांदा हसले. परतीच्या वाटेवर त्यांनी एका बागेपाशी जीप थांबवली आणि घडातून पिकलेली केळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "फय खा. फयात तं जंतू नाई ना?" फय म्हणजे फळ. ती केळी इतकी गोड होती की वाद तिथंच राहिला.

धुळ्याच्या बसमध्ये

मला धुळ्याकडे आणखी कामं होती आणि गावही वाटेवर होतं. जळगावहून एस. टी. पकडली. बाटल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या. एरंडोल सुटल्यावर कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"काय आहे?"

"पाणी."

"मांडीवर घेऊन? उघडा."

मी पंचा सोडला. त्यानं बाटली उन्हाकडे धरली. आत गाळ, पान आणि खिळा.

"उतारा आहे का कोणाचा?"

मागच्या सीटवरची म्हातारी लगेच दोन सीट मागे सरकली. मी म्हटलं, मी बी. एस्सी. आहे, हा प्रयोग आहे. कंडक्टरनं बाटली परत दिली आणि म्हणाला, "बी. एस्सी. असून ही पाळी आली?" पारोळ्यापर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. गर्दीच्या बसमध्ये असं ऐसपैस बसायला मिळणं ही चैनच होती.

घरी

माय घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, बिबड्या घालत होती. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्या धाब्यांवर ज्वारीच्या या पापडांचंच वाळवण असतं, आणि अर्धवट वाळलेली बिबडी तेल लावून खाण्यात जे सुख आहे ते पुण्यात विकत मिळत नाही. मी आलेला पाहून माय तिथूनच ओरडली, "उना का रे भाऊ! हातपाय धू, मी उनू."

बाटल्या मी ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवल्या. दिवसा मी धुळ्याच्या कामाला जाई आणि संध्याकाळी येई. आबा दिवसभर ओट्यावर असत, त्यामुळे बाटल्यांवर नजर त्यांचीच. पहिले काही दिवस काही झालं नाही. मी मनातून धास्तावलो होतो. जंतू मला विचारून कामाला लागणार नव्हते, आणि तिकडे नानांच्या बाटल्यांकडे प्लांटवरची सगळी माणसं बघत होती.

एका संध्याकाळी आलो तर आबा ओट्याच्या कडेला उभे. "हाई पाय. याना खिया काया व्हयी गया."

पानाच्या बाटलीतलं पाणी काळं पडलं होतं. खिळ्यावर काजळी धरली होती. पान नसलेल्या बाटलीत खिळा थोडा तांबूस, पाणी जवळजवळ निवळ. मी मेण फोडलं. तोच वास. माय आतून म्हणाली, "काय सडनं रे?"

खिळा धुऊन आबांच्या हातावर ठेवला. मी त्यांना सगळं सांगितलं. हौद, मांडव, थराखालचे खड्डे. ते खिळा बोटांत फिरवत होते. मग म्हणाले, "आमनी नळीस्ना मझार बी खड्डाच व्हतात. देवीना वन ऱ्हातस ना तोंडवर, तसा."

"मझार? आतून, पाण्याच्या बाजूनं?"

"आतून. बाहेरतून नळी चांगली व्हती. मी हात फिरायी फिरायी पाह्येल शे."

मी ओट्यावर बसलोच. इतकी वर्षं घरात राहून हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. भट्टी जास्त पेटली तर नळी फुगते, वाकते, फुगवटा येऊन फाटते. आगीनं आतून देवीचे व्रण पडत नाहीत. ते पाण्यात विरघळलेल्या हवेनं पडतात, पाणी शुद्ध न करता बॉयलरमध्ये भरलं की पडतात. नानांच्या हौदातले जंतू उकळत्या बॉयलरमध्ये जगणार नाहीत, तिथला रोग वेगळा. पण दोन्हीकडे लोखंड पाण्याच्या बाजूनंच गेलं होतं.

हे मी त्यांना आमच्या बोलीत, दोनदा सांगितलं.

"तं मन्ही भट्टी नही?"

"नही आबा. पानी."

त्यांनी खिळा कोनाड्यात ठेवला, पुन्हा उचलला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. मग मायला हाक मारून म्हणाले, "ऐकं का? पानी व्हतं ते." माय पिठाच्या हातानं बाहेर आली, आम्हा दोघांकडे बघितलं आणि पदरानं ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता.

त्या दिवशी तिनं माझ्यासाठी म्हणून पुरण घातलं. खापरावरची पोळी कोपरापर्यंत हातावर लांबवून टाकताना ती गुणगुणत होती.

नशिराबादच्या पुढे, पुन्हा

खिळा आबांनी दिला नाही. काळी पडलेली बाटली मात्र पुन्हा बुच लावून मी बरोबर घेतली. प्लांटच्या फाटकातून आत शिरलो आणि हौदाकडे पाहिलं. मांडव नव्हता. बांबूंच्या जागी लोखंडी अँगल उभे होते आणि दोघं जण त्यांवर जुने पत्रे ठोकत होते. नाना खाली उभे राहून पत्रा सरळ बसतो का ते पाहत होते. मला पाहून त्यांनी फक्त पंचा सैल केला.

"नाना, तुमची बाटली?"

"बारीवर हाये. जा पाहून घ्या. आमची तं तुमच्याहूनही कायी झाली."

कँटीनच्या बारीवर, म्हणजे खिडकीत, दोन्ही बाटल्या होत्या, ठसे शाबूत. पानाची बाटली डांबरासारखी. तिच्याभोवती माणसांनी जागा मोकळी सोडली होती. कोणीतरी तिच्यापुढे उदबत्तीही लावली होती, गंमत म्हणून का भीतीनं ते मी विचारलं नाही.

शेठजींनी प्लांट थांबवला. हौद उपसला, तळाचा काळा गाळ घमेल्यांनी काढला, नळ्या एक एक करून ब्रशनं घासल्या. मग ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवून सगळी वाट धुतली. पाचोऱ्याच्या गाडीतला तोच वास आता सगळ्या आवारात होता आणि नाना तो घेत घेत म्हणाले, "हा वास बरा. निदान सडका तं नाई." पुढे ठरल्या दिवशी कोणतं औषध किती टाकायचं, लोखंडाची पट्टी पाण्यात लटकवून महिन्यानं ती कशी तपासायची, हे मी नानांना शिकवलं. त्यांनी एकदाच विचारलं, आणि नंतर मुद्दाम चुका म्हटलं तरी ते चुकले नसते.

दुपारी जेवायला बसलो. माझ्यापुढे नानांनी केळीचं पान मांडलं, बागेतून सकाळीच कापलेलं, आणि पाणी शिंपडून हातानं पुसलं.

"हे इथं चालंन ना, साहेब?"

"इथं चालेल."

"नाई, इचारून घेतलेलं बरं. तुमचं काई सांगता येत नाई." आणि त्यांनी वाढायला घेतलं.

पुढच्या वर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी आबांना घेऊन त्या प्लांटवर गेलो. त्यांनीच हट्ट धरला होता. नानांनी त्यांना टॉवर, हौद, पत्र्याचं छप्पर, सगळं हिंडून दाखवलं. एक अहिराणीत बोलत होता, दुसरा तिकडच्या बोलीत, पण दोघांचं अडत नव्हतं. कंडेन्सरपाशी आबा थांबले, ढोलावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. मग त्यांनी खिशातून तो खिळा काढून नानांना दाखवला.

त्या हंगामात कंडेन्सर गळला नाही, आणि त्याच्या पुढच्या हंगामातही नाही. प्लांट अहमदाबादला गेला नाही. सगळी माणसं कामावर आहेत. पाण्याची गोष्ट आमच्या गावातही पोचली, आणि आता लग्न असलं की आबा चुलखंडापाशी बसतात, आणि जाळ तेच बघतात.